मालगाडीला नेमकी किती इंजिनं लागतात? (कर्जतच्या फलाटावर पडलेला प्रश्न)

फलाट_नं_१ (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी भाच्याला घेऊन कर्जत स्टेशनावर बसलो होतो. हातात गरम वडा, समोर भरलेली मालगाडी. पुढे दोन इंजिनं होती, आणि मागून आणखी तीन हळूहळू येऊन गार्डाच्या डब्याला टेकली. भाचा म्हणाला, "मामा, सकाळी कल्याणला एवढीच लांब गाडी एकटं इंजिन ओढत होतं. इथे पाच कशाला?"

"पुढे घाट आहे ना रे" म्हणून मी वेळ मारून नेली. पण पोरगं सातवीत आहे. "मग पाचच का? चार का नाही? दहा का नाही?" इथे मामाची वाचा बसली. मी कागदोपत्री इंजिनिअर आहे हे घरी कुणाला सांगू नका.

घरी येऊन शोधलं तर आणखी गोंधळ. एक वॅग-९ इंजिन म्हणजे ६००० अश्वशक्ती. आपल्या साध्या मोटारीची ऐंशी-नव्वद धरली, तर सत्तर मोटारींचा जोर पाच हजार टनांची गाडी ओढतो? म्हणजे एका मोटारीच्या वाट्याला सत्तर टन? हे पटतच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

सह्याद्रीवेडा

वाचनखूण साठवली आहे. उत्तर माहीत नाही, पण घाटात मंकी हिलपाशी पावसात ही पाच इंजिनांची गाडी बघावी, बस्स. आधी आवाज येतो, मग बऱ्याच वेळाने गाडी येते.

---

गणिताची_मावशी

धागाकर्ते, तुमचा घोळ अश्वशक्तीपाशी आहे. घोडे मोजू नका, ओढ मोजा.

कागद घ्या. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी अडतं. सपाटीवर हळू चालणाऱ्या वाघिणीला (मालगाडीच्या डब्याला) टनामागे साधारण दोन किलोची ओढ पुरते, ताशी ७५ला ती अडीच-तीन किलोपर्यंत जाते. आता ५८ वाघिणींचा भरलेला रेक (एका गाडीचे जोडलेले सगळे डबे) घ्या. हल्लीच्या बॉक्सएनएचएल वाघिणीचं भरलेलं वजन ९१.६ टन, म्हणजे रेक झाला सुमारे ५३०० टन. इंजिन धरून साडेपाच हजाराच्या आत. ताशी ७५ला एकूण ओढ १५ टनांच्या आसपास. अश्वशक्ती काढायची तर ओढ (किलोत) गुणिले वेग (ताशी किमी) भागिले २७०. उत्तर चार-सव्वाचार हजार. म्हणजे ६००० वालं एक इंजिन सपाटीवर पुरून उरतं. तुमचा सत्तर मोटारींचा हिशेब बरोबरच आहे, फक्त मोटार डांबरावर रबर घासत जाते, हे विसरलात.

आता भोर घाट. कर्जत-लोणावळा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. टनाला ३७ने भागा, २७ किलो. म्हणजे प्रत्येक टन २७ किलोच्या जोराने मागे कर्जतकडे खेचतोय. त्यात चाकांचे दोन मिळवा, झाले २९. सपाटीवर जिथे दोन लागत होते तिथे एकोणतीस! ५३०० गुणिले २९, म्हणजे सुमारे १५४ टन ओढ.

वॅग-९ सुरुवातीला जास्तीत जास्त ४५८ किलोन्यूटन, म्हणजे ४६-४७ टन ओढ देतं. पण इंजिनाचं स्वतःचं वजन १२३ टन, तेही चढवायचंच आहे, त्यात साडेतीन टन गेले. उरले ४३. १५४ भागिले ४३ म्हणजे साडेतीनच्या वर. कागदावर चार इंजिनं.

---

फलाट_नं_१

मावशी, साष्टांग नमस्कार. पण मग पाचवं कशाला? चार म्हणालात.

---

माजी_लोको

पाचवं पावसासाठी.

मी ३४ वर्षं इंजिनावर होतो, त्यातली बरीच घाटात. मावशींनी हिशेब चोख मांडला आहे, पण ते ४६ टन कोरड्या, स्वच्छ रुळावरचे. इंजिनात जोर कितीही असू दे, रूळ त्यातला किती घेतो ते महत्त्वाचं. चाक आणि रूळ यांच्यात जी पकड असते तिच्यापलीकडे एक किलोही मिळत नाही. जास्त नॉच (जोराची पायरी) घेतला की चाक जागच्या जागी गरगर फिरतं, त्याला आम्ही व्हीलस्लिप म्हणतो. मग काय, वाळू टाका आणि देवाचं नाव घ्या. इंजिनाच्या चाकापुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते, नव्या वाचकांसाठी सांगतो.

वजनाच्या तीस टक्के पकड धरली तर १२३ टनांच्या इंजिनातून ३७ टन मिळतील. स्वतःला चढवायचे साडेतीन वजा करा, ३३ उरले. १५४ला ३३ने भागा. साडेचारच्या वर येतं. झाली की नाही पाच? आणि पंचवीस टक्क्यांवर आली तर पाचही पुरत नाहीत, तेव्हा लोड कमी करावा लागतो.

लोकांना वाटतं मुसळधार पावसात रूळ सर्वात घसरडा. उलट आहे. धो-धो पाऊस रूळ धुऊन काढतो. घात करते ती पहिली रिमझिम. रुळावरचं तेल, धूळ, पानांचा चिखल, गंज, सगळ्याचा मिळून साबणासारखा लगदा होतो. जूनमधल्या एका संध्याकाळी आमची गाडी अशीच चढावर थांबली. सिग्नल लाल होता म्हणून थांबलो, आणि सिग्नल मिळाला तेव्हा गाडी हलेना. धावत्या गाडीला दोन किलो लागतात, थांबलेल्या गाडीला जागेवरून हलवायला त्याच्या दुप्पट. मागच्या बँकरवाल्याशी (मागून ढकलणारं इंजिन म्हणजे बँकर) वॉकीटॉकीवर बोलून एकदम जोर लावला, तीनदा घसरलो, चौथ्यांदा उठलो. असिस्टंट नवा होता, त्याच्या तोंडाला फेस आला होता. आता तो स्वतः चांगला लोको पायलट आहे.

---

धूरकट

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). काका, लिहीत राहा हो.

अवांतर: मुंबईपासून लांब जाणारी गाडी 'डाउन'. म्हणजे भोर घाटात डाउन गाडी चढते आणि अप गाडी उतरते. लहानपणी याच्यावरून माझं बाबांशी भांडण झालं होतं.

---

घोडेस्वार

मला हा अश्वशक्तीचा अपमान सहन होत नाही. :) मग रेल्वे १२,००० अश्वशक्तीचं वॅग-१२ कशाला बनवते? मधेपुऱ्याला एवढा मोठा कारखाना का काढला? घोडे मोजायचे नसतील तर ते सगळे वेडे आहेत का?

---

गणिताची_मावशी

वेडे नाहीत, पण वॅग-१२चं वजन बघा. १८० टन, आठ धुऱ्या (ॲक्सल), दोन भाग जोडून एक इंजिन. सुरुवातीची ओढ ७०६ किलोन्यूटन, म्हणजे ७२ टन. वॅग-९च्या दुप्पट घोडे, पण ओढ दीडपटीच्या जरा वर. कारण ओढ वजनातून येते आणि वजन दीडपटच आहे. उरलेले घोडे वेगासाठी. एकच ओढ ताशी २५ला द्यायची की ५०ला, एवढंच अश्वशक्ती ठरवते.

याहून सोपा पुरावा हवा तर वॅग-९ आणि वॅप-७ शेजारी ठेवा. एकाच घरातली भावंडं, वजन सारखं, ताकद सारखी. एक मालगाडीचं, दुसरं एक्सप्रेसचं. फरक मुख्यतः दातेरी चक्रांचा. वॅग-९चं प्रमाण ७७:१५, वॅप-७चं ७२:२०. त्यामुळे पहिल्याची ओढ ४५८ किलोन्यूटन, दुसऱ्याची ३२३च्या आसपास. दुसरं पळतं १३०-१४०ने, पहिलं शंभरला दमतं. घोडे तेवढेच, ओढ निराळी. सायकलचा गिअर बदलल्यासारखं.

घाटातलंही सांगते. पाच वॅग-९ म्हणजे ३०,००० अश्वशक्ती. इंजिनांसकट गाडी ५९०० टन, ओढ लागते १७१ टन. ताशी ३०ने चढायला अश्वशक्ती लागते १९,००० च्या आसपास. म्हणजे ११,००० घोडे पागेत उभे आहेत. एखादं इंजिन कमी केलं तर घोडे तरीही पुरतील, पकड पुरणार नाही.

---

घोडेस्वार

ठीक. तलवार म्यान. नागपूरकर असल्यामुळे एवढंच सांगतो की या वॅग-१२चा एक देखभाल डेपो आमच्या अजनीला आहे, दुसरा सहारनपूरला. रात्री ते धूड शेजारून गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरतात.

---

गार्डाची_मुलगी

सगळे इंजिनांबद्दल बोलताय. बाबा गार्ड होते. (हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या घरी अजून गार्डच.) घाटात त्यांचा डबा बरोब्बर मध्ये. पुढे अख्खी मालगाडी, मागे ढकलणारी तीन इंजिनं. ते म्हणायचे, "पुढून ओढलं तर कळत नाही, मागून ढकललं की पाठीच्या कण्याला कळतं." उन्हाळ्यात बोगद्यातून बाहेर आल्यावर चेहरा पुसायला ओला पंचा कायम जवळ.

माझा प्रश्न असा, की सगळी पाचही पुढेच का नाही लावत? बाबांना विचारायचं राहून गेलं.

---

माजी_लोको

ताई, तुमच्या बाबांसारख्या माणसांवर आमचा जीव अवलंबून असायचा.

उत्तर आहे कपलिंग. पाचही पुढे लावली तर १५४ टनांची सगळी ओढ पहिल्या वाघिणीच्या एका कपलरवर येईल. साखळी तिच्या सर्वात कच्च्या कडीइतकीच मजबूत, आणि इथे कच्ची कडी म्हणजे कपलरचा तो वाकडा पंजा. जुना, आतून तडा गेलेला असेल तर तुटतो, आणि गाडीचे दोन तुकडे. पुढे दोन, मागे तीन केलं की पहिल्या कपलरवर ६०-७० टनच येतात. गाडीच्या मधे कुठेतरी अशी एक वाघीण असते जिला कुणीच ओढत नाही आणि कुणीच ढकलत नाही. ही जागा चढ-वळणाप्रमाणे पुढे-मागे सरकत राहते.

ढकलण्यालाही मर्यादा आहे. वळणावर मागून फार जोर लावला तर मधली हलकी वाघीण रुळावरून उचलली जाऊ शकते. म्हणून पुढचा आणि मागचा एकमेकांच्या अंगाने चालतात. मी भरती झालो तेव्हा शिट्ट्यांवर सगळं चालायचं. आता रेडिओ आहे.

---

कुळेंकार

आमच्या गोव्याला विसरू नका. कुळे ते कॅसलरॉक, सुमारे २६ किमीचा घाट, चढ तोच १:३७. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो तो हाच घाट चढून. दूधसागर बघायला येणारे धबधब्याचे फोटो काढतात, आम्ही इंजिनं मोजतो. वर्षानुवर्षं डिझेलवाली वॅगडीजी... चुकलो, डब्ल्यूडीजी-४ होती. १२६ टन वजन, ओढ ५४-५५ टन. ४००० घोड्यांचं इंजिन, पण हळू चढताना ६००० वाल्या वॅग-९ला मागे टाकतं. मावशींचा मुद्दा आमच्या दारात सिद्ध झालेला आहे.

(कोळशाच्या वाहतुकीवरून आमच्याकडे जे वाद आहेत ते इथे नको. वेगळा धागा काढीन.)

---

ओमाहाची_सून

इथे नेब्रास्कात घराजवळून कोळशाच्या गाड्या जातात. सव्वाशे-दीडशे वाघिणी, वजन आपल्या रेकच्या तिप्पट, आणि इंजिनं तीन किंवा चार. पुढे दोन, शेवटी एक-दोन, मागची रेडिओवर चालतात, त्यात माणूस नसतो. सपाट माळरान, म्हणून चालतं. रॉकीजकडे चढताना त्यांनाही बँकर लागायचे.

यांची भाषा 'टनामागे किती घोडे' अशी असते. त्या हिशेबाने टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. जून २००१मध्ये बीएचपी या खाण कंपनीने तिथल्या पिलबारात लोहखनिजाची ६८२ वाघिणींची गाडी चालवली. लांबी ७ किमीच्या वर, वजन ९९,७३४ टन. इंजिनं आठ, प्रत्येकी ६००० अश्वशक्ती, आठही गाडीभर विखुरलेली, चालक एक. टनामागे अर्धा घोडासुद्धा नाही! खाण उंचावर, बंदर समुद्रकाठी, म्हणून जमलं. भोर घाटात मावशींच्या आकड्यांनी टनामागे साडेपाच घोडे होतात. म्हणजे 'जड गाडीला किती शक्ती लागते' याचं एक उत्तरच नाही, रस्ता विचारल्याशिवाय.

---

पेपरवाचक

आपलीही सुपर वासुकी आहे की. १५ ऑगस्ट २०२२, कोरबा ते राजनांदगाव, पाच भरलेले रेक जोडून साडेतीन किमीची गाडी. २९५ वाघिणी, ६ इंजिनं, २७,००० टन कोळसा. इंजिनामागे साडेचार हजार टन. तिथे काय सपाटीच असेल?

---

गणिताची_मावशी

हो, तिथे घाट नाहीत, १:३७ तर नाहीच. पण पेपरच्या बातमीला माझी एक पेन्सिलखूण. २७,००० भागिले २९५ किती? ९१ टनांच्या वर. हे तर भरलेल्या वाघिणीचं तिच्या स्वतःच्या वजनासकट वजन झालं. वाघीण रिकामी वीस टनांच्या आसपास भरते. म्हणजे २७,००० टन ही अख्खी गाडी, आत कोळसा वीस-एकवीस हजार टन. विक्रम विक्रमच आहे, पण छापताना लोखंडालाही कोळसा म्हटलं गेलं.

---

पेपरवाचक

मावशी, तुम्ही शिक्षिका होतात ना? वहीवरचा लाल शेरा आठवला.

---

खेकडा_१९२८

आयडीवरून कळलं असेलच. जुन्या लोकांना आठवत असेल, घाटात पूर्वी 'खेकडा' चालायचा. डब्ल्यूसीजी-१, पुढे-मागे लांब सोंडा, मध्ये केबिन, स्वित्झर्लंडच्या 'मगर' इंजिनाचा चुलतभाऊ. १९२८-२९च्या सुमारास घाटाचं विद्युतीकरण होत होतं तेव्हा आला, ताकद २६०० अश्वशक्तीच्या घरात. त्याच सुमारास भोर घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशनही बंद झालं. १८६३ पासून गाडी तिथे तोंड फिरवून उलटी चढत असे.

इथे लिहिण्याचं कारण पकड. खेकड्याच्या सोंडेखालच्या तिन्ही धुऱ्या बाहेरून दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या. त्यामुळे एकटं चाक घसरूच शकत नाही, घसरायचं तर तिन्ही जोड्यांनी. लोखंडाच्या दांडीने जे साधलं तेच आता वॅग-९मध्ये संगणक साधतो. चाक जरा जास्त फिरलं की सेकंदाच्या अंशात मोटारीचा जोर काढून घेतो. म्हणूनच आजच्या इंजिनाला कोरड्या रुळावर वजनाच्या ३८ टक्के ओढ दाखवता येते. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक खेकडा उभा आहे, 'सर लेस्ली विल्सन' नावाचा. तो इकडे असायला हवा होता असं माझं प्रामाणिक आणि पक्षपाती मत.

---

घोडेस्वार

रच्याकने (जाता जाता), घाट सोडून १:१०० चढाची वेगळी लाइन काढली तर बँकरची कटकटच नको. का काढत नाहीत?

---

गणिताची_मावशी

लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या घरात, कर्जत साठच्या आसपास. ५६० मीटर चढायचे. १:१०० म्हटलं की ५६ किमी रूळ हवेत, सध्या आहेत २८. सह्याद्रीच्या कड्यात ते ५६ किमी कुठे गुंडाळायचे? बहुतेक बोगद्यांतच. कसारा-इगतपुरीलाही तोच पेच, तीनशे मीटर उंची, म्हणजे तीसेक किमी. पण केलं तर फायदा जबर. १:१००वर टनामागे बारा किलोच, दोन वॅग-९ पुरे. जेएनपीटी बंदरातून दिल्लीजवळच्या दादरीला जाणाऱ्या समर्पित मालवाहू मार्गावर तर चढ १:२०० पलीकडे नेलेलाच नाही. इंजिनांवर दरवर्षी खर्च करण्यापेक्षा डोंगरावर एकदाच केला.

आणि हो, भाच्याला सांगायला एक आकडा. तो ५३०० टनांचा रेक लोणावळ्याला नुसता उचलायलाच सुमारे ८१०० युनिट वीज लागते. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची तीन वर्षांहून जास्त.

---

माजी_लोको

सगळे चढायचंच बोलताय. विचारा कुठल्याही घाटवाल्याला, चढताना भीती वाटत नाही. फार तर गाडी थांबेल. उतरताना मात्र तोच टनामागचा २७ किलोचा जोर तुम्हाला ढकलत असतो. मावशींच्याच रीतीने, चाकांचे दोन वजा जाऊन, १३०-१३५ टन सतत खाली खेचतायत. ताशी ३०ला म्हणजे १५,००० घोडे, आणि ते सगळे तुमच्या विरुद्ध. नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर धरलंत तर ठोकळे लाल होतात, धूर निघतो, आणि गरम ठोकळा धरत नाही. परत परत ब्रेक लावून-सोडून हवा संपवली तर संपलंच. म्हणून इंजिनाच्या मोटारी उलट्या वापरायच्या, त्या वीज बनवतात आणि चाकाला अडवतात. वॅग-९ असं २६ टनांपर्यंत धरून ठेवतं. वीज परत तारेत जाते, ती वर चढणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते.

एवढं करूनही घाटात कॅच सायडिंग ठेवलेली असतात. उतारावरून फाटा फुटलेला, वर चढत जाऊन वाळूत संपणारा रूळ. उतरणाऱ्या गाडीचा रस्ता आधी तिकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे असं दाखवलं की मगच मुख्य रूळ मिळतो. प्रवाशांना वाटतं गाडी उगाच थांबली.

---

फलाट_नं_१

भाच्याला सगळा धागा वाचून दाखवला. मावशींचा भागाकार त्याने स्वतः करून बघितला, माझ्यापेक्षा लवकर. काकांची रिमझिमीची गोष्ट दोनदा वाचायला लावली. आता नवा प्रश्न आहे: "ती मागची तीन इंजिनं लोणावळ्याला सुटली. मग कर्जतला परत कशी येतात? की वर साठत जातात?"

---

माजी_लोको

हुशार आहे पोरगं. तीनही एकमेकांना जोडून रिकामी खाली येतात, त्याला आम्ही लाइट इंजिन म्हणतो. मोकळी लाइन मिळेपर्यंत लोणावळ्याला एका बाजूला उभी असतात. कधी अर्धा तास, कधी दोन. तेवढ्यात चहा होतो.